'जाणवते उणे तीस': विंड चिल, वेण्णा लेक आणि दरवर्षीचा शून्यावर गेलेला पारा

पारेकर (धागाकर्ता)

डिसेंबर लागला की दोन गोष्टी ठरलेल्या. "महाबळेश्वरात पारा शून्यावर, वेण्णा लेकवर हिमकण" ही बातमी, आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेला "इथे उणे तीस" असा स्क्रीनशॉट. दोन्ही आकडे साफ खोटे नसतात. फक्त ते हवेचं तापमान नसतात, आणि आपण मात्र तेच समजून एकमेकांशी तुलना करत बसतो.

वेण्णा लेकचं आधी. हवामान खात्याचं किमान तापमान म्हणजे जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरचा आकडा. पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे ते उघडलं तरी उन्हाची तिरीप आत जात नाही. गेल्या २४ तासांतलं किमान सकाळी ८.३० ला वाचतात. महाबळेश्वरची वेधशाळा उंचावर आहे, वेण्णा लेक आणि लिंगमळ्याचा भाग खोलगट. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडते, तिला चिकटलेली हवा गार होते, आणि गार हवा जड असल्यामुळे उतारावरून ओघळून खोलगटात साचते. पाणी साचतं तशीच. त्यातही जीपचा टप, जेट्टीच्या फळ्या, स्ट्रॉबेरीची पानं या वस्तू आसपासच्या हवेपेक्षाही गार पडतात. म्हणून वेधशाळेत ७-८ अंश असताना टपावर दहिवर गोठलेलं दिसू शकतं. फोटो खरा, "महाबळेश्वरचं तापमान शून्य" हे खोटं.

आता विंड चिल, म्हणजे त्या स्क्रीनशॉटमधला 'जाणवते'चा आकडा. त्याचा या गोठण्याशी काडीचा संबंध नाही. किंबहुना उलटाच आहे: वारा सुटला की साचलेली गार हवा वरच्या उबदार हवेत मिसळते आणि दंव पडतच नाही. विंड चिल म्हणजे उघड्या चेहऱ्याची उष्णता किती वेगाने जाते याचा हिशोब. आकडा अंशांत सांगतात म्हणून सगळा घोळ.

जाणकारांनी भर घालावी.

उत्तरवारा (मिनियापोलिस)

भर घालतो. विंड चिलची सुरुवात अंटार्क्टिकात झाली. १९३९-४१ च्या अमेरिकन मोहिमेत पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी प्लास्टिकच्या नळकांड्यात २५० ग्रॅम पाणी भरून ते उघड्यावर टांगलं आणि कुठल्या वाऱ्यात गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यावरून निघालेला तक्ता अमेरिका-कॅनडात २००१ पर्यंत चालला. माणसाचं तोंड हे पाण्याचं नळकांडं नव्हे, ही त्यातली मुख्य अडचण. शिवाय त्वचा कायम ३३ अंशांवर राहते असं धरलेलं होतं. प्रत्यक्षात ती थंड पडत जाते आणि तसतशी तिच्यातून उष्णता जाण्याची गतीही मंदावते.

नव्या सूत्रासाठी टोरांटोत १२ स्वयंसेवकांना वाऱ्याच्या बोगद्यात ट्रेडमिलवर चालवलं, चेहऱ्यावर संवेदक चिकटवून. नोव्हेंबर २००१ पासून दोन्ही देशांत तेच वापरतात:

जाणवणारं = १३.१२ + ०.६२१५ × ता − ११.३७ × घ + ०.३९६५ × ता × घ

'ता' म्हणजे हवेचं तापमान सेल्सिअसमध्ये, 'घ' म्हणजे वाऱ्याच्या ताशी किलोमीटर वेगाचा ०.१६ वा घात. वेग १० मीटर उंचीवर मोजलेला हवा. तापमान १० अंश किंवा खाली आणि वारा ताशी ४.८ किमीच्या वर असेल तरच लावायचं. ऊन धरलेलं नाही. लख्ख उन्हात तेवढं गार लागत नाही.

उणे १० अंश आणि ताशी २० किमी वाऱ्याला उत्तर उणे १८ येतं. वारा दुप्पट, म्हणजे ४० केला तर उणे २१. वेग दुप्पट, फरक फक्त ३. हे लक्षात ठेवा, कारण अतिशयोक्ती इथेच शिरते. सूत्रात सरासरी वारा घालायचा असतो, पण बातमीत ठसठशीत आकडा हवा म्हणून झोताचा वेग घालतात, तोही पहाटेच्या सगळ्यात वाईट तासाचा, आणि मथळ्यात दिवसभराचा म्हणून देतात.

जुन्या-नव्या तक्त्यांतला फरक बघा. ० फॅरनहाइट आणि ताशी ३० मैल वारा: जुन्या सूत्राने सुमारे उणे ४८ फॅ., नव्याने उणे २६. त्यामुळे "ऐंशीच्या दशकात याच्या दुप्पट थंडी असायची" म्हणणाऱ्यांनी आधी आपला आकडा कुठल्या सूत्राचा ते तपासावं.

एडमंटनवाले

कॅनडात विंड चिलच्या आकड्यापुढे अंशाचं चिन्ह लावत नाहीत. नुसतं "विंड चिल उणे ३०". निर्देशांक आहे, तापमान नव्हे, हे निदान लिहिण्यात तरी पाळतात. बोलताना सगळे अंशच म्हणतात ती गोष्ट वेगळी.

इथे त्या आकड्याचा खरा उपयोग त्वचा गोठण्याच्या वेळेसाठी. उणे २८ ते उणे ३९: उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत. उणे ४० ते ४७: ५ ते १० मिनिटांत. उणे ४८ ते ५४: २ ते ५ मिनिटांत. मुलं शाळेच्या बससाठी किती वेळ उभी राहणार, एवढ्यासाठी तो बघायचा. हवेचं तापमान शून्याच्या वर असेल तर कितीही वारा सुटो, हिमदंश होत नाही.

काडीछाटणी (निफाड तालुका)

उत्तम धागा. मग आमच्याकडे निफाडला ६ अंश आणि ताशी १५ किमी वारा असेल तर द्राक्षाला २-३ अंशांचा फटका बसतो असं धरायचं ना? मोबाईल "जाणवते ३" दाखवतो, त्यावर बरेच जण रात्री पाणी सोडायचं की नाही ते ठरवतात.

पारेकर

नाही धरायचं. घरातला पंखा आठवा. पंख्याने खोली गार होत नाही, आपण होतो, कारण आपण हवेपेक्षा गरम आहोत. घडाला स्वतःचा ताप नसतो. वारा असेल तर घड लवकर ६ अंशांवर येईल आणि तिथेच थांबेल. ३ वर जाणार नाही.

बागेला भीती वारा पडल्यावर. संध्याकाळी वारा असून रात्री दहानंतर पडला आणि आकाश स्वच्छ असलं तर पेटीत ६ असताना बोदावर (वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या उंचवट्यावर) आणि खालच्या पानांवर २ असू शकतात. मोबाईल त्या वेळी "जाणवते ६" दाखवेल. म्हणजे बाग वाचवायच्या दृष्टीने आकडा बरोबर उलटा.

चिकित्सक

पारेकर, एक मिनिट. "हवेच्या तापमानाखाली जाणार नाही" हे सरसकट कसं? माठातलं पाणी हवेपेक्षा गार असतं, आणि वाऱ्यावर ठेवला तर अजून गार. जीपचा टपही हवेपेक्षा गार पडतो असं तुम्हीच वर म्हणालात.

पारेकर

मान्य, वाक्य सैल झालं. कोरडी वस्तू नुसत्या वाऱ्याने हवेखाली जात नाही, असं वाचा. खाली जायचे रस्ते दोन. एक, आकाशाकडे उष्णता फेकणं (टप, पान, गवत), त्याला शांत हवा लागते. दुसरा, ओलं असणं (माठ), तिथे बाष्पीभवनाने तापमान ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या आकड्यापर्यंत उतरतं आणि कोरडा वारा त्याला मदत करतो. विंड चिलच्या सूत्रात हे दोन्ही नाहीत, तो कोरड्या चेहऱ्याचा हिशोब.

बागेसाठी यातून निघणारी गोष्ट: थंडीच्या कोरड्या रात्री ठिबक चालेल, पण पानं भिजतील असं फवारे-तुषार मध्येच सुरू करून बंद करू नये. ओल्या पानांवरून कोरडा वारा गेला की ती माठासारखी गार होतात.

काडीछाटणी

हे पटलं. आता बागेतलं मी सांगतो, कारण बातम्यांत "शेकोट्या पेटवल्या" याच्या पुढे काही येत नाही.

१. पाणी संध्याकाळी किंवा पहाटे ठिबकने. विहिरीचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा बरंच कोमट असतं, पण खरा फायदा ओल्या मातीचा. ओली माती दिवसा उष्णता जास्त साठवते आणि रात्री खालून वर पोचवते. कोरडी भुसभुशीत माती गोधडीसारखी वागते, खालची ऊब वर येऊच देत नाही. म्हणून थंडीच्या तोंडावर बोद कोरडे ठेवून नांगरट-कुळवणी करू नये. मात्र ताण पडलेल्या बागेला एकदम भरपूर पाणी दिलं तर मणी तडकतात. रोजच्या पाण्याचीच वेळ बदला, मात्रा वाढवू नका.

२. शेकोटी एकच मोठी नको. मोठ्या जाळाचा झोत वरच्या उबदार थराला भोक पाडून निघून जातो आणि बाजूची गार हवा बागेत ओढतो. ओळींच्या टोकांना आणि मधल्या बांधांवर लहान-लहान, मंद जळणाऱ्या, बऱ्याच. नुसता धूर काही थोपवत नाही. जी काय मदत होते ती उष्णतेची आणि हवा ढवळली जाण्याची. ओला पाला टाकून डोळे चुरचुरेपर्यंत धूर करण्याला अर्थ नाही.

३. मण्यात पाणी उतरायच्या (मणी मऊ पडून पिकायला लागायच्या) आधी निर्यातीच्या घडांना पेपर लावून घ्यावा. रात्री कडाका आणि दुपारी ऊन अशी तफावत वाढली की पाणी उतरल्यानंतर हिरव्या जातीत गुलाबी मणी निघतात आणि तो माल निर्यातीतून बाद होतो. इथे किमान किती याहून कमाल-किमान यांतला फरक किती हे महत्त्वाचं, आणि तोच बातमीत नसतो.

४. फुगवणीतल्या बागेत थंडीने मणी वाढायचे थांबतात. घाबरून संजीवकांची (वाढीच्या औषधांची) जादा मात्रा देऊ नये, ऊब परत आली की वाढ पुढे सरकते.

आणि "निफाडचा पारा" म्हणून जो आकडा छापतात तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. गव्हाचं मोकळं शिवार, सखल जमीन. त्याच दिवशी नाशिक शहरातला आकडा बहुधा जास्त असतो. दोन्ही बरोबर, पण मथळ्यात "नाशिक गोठलं" लिहून आकडा कुंदेवाडीचा घालतात.

रावेरकर

केळीत मात्र वाऱ्याचा थेट त्रास आहे, म्हणून वेगळं सांगतो. किमान १० अंशांखाली उतरलं की पोग्यातून (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानातून) नवीन पान येणं मंदावतं, पानांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात (चरका), आणि निसवणीतल्या (घड बाहेर पडत असलेल्या) बागेत घड पोग्यातच अडकतो. उत्तरेच्या कोरड्या वाऱ्याने पानं फाटतात आणि पाणी उडून जातं. उपाय म्हणजे उत्तर आणि पश्चिम बांधाला शेवरी किंवा गजराज गवताचा जिवंत कुंपणपट्टा, तोही लागवडीच्या वेळीच. डिसेंबरात आठवण होऊन उपयोग नाही, त्यावर्षी मग शेडनेट बांधायचं. घडांना पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या घालायच्या, खालून उघड्या, नाहीतर आत पाणी धरतं. रात्री पाणी द्यायचं ते काडीछाटणींनी सांगितलंय तसंच.

हवाहवाई

चॅनेलवर रोज "थंडीची लाट" म्हणतात. ती नक्की कधी म्हणायची असते?

गच्चीवरची वेधशाळा

मैदानी भागात किमान १० अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असेल तर थंडीची लाट. त्याहून जास्त घट असेल तर तीव्र लाट. किंवा सरासरी कितीही असो, किमान ४ अंशांवर आलं की लाट, २ वर आलं की तीव्र. किनारपट्टीला निकष सैल: १५ अंश किंवा खाली आणि घट किमान ४.५. शिवाय एका हवामान उपविभागात निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असं झालं तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर करतात. महाराष्ट्राला असे चार उपविभाग लागू आहेत: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. एका कुंदेवाडीवर मध्य महाराष्ट्रात लाट येत नाही.

रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. पिवळ्या इशाऱ्यावर "सावधान! पुढचे ४८ तास धोक्याचे" हा सूर चॅनेलचा, खात्याचा नव्हे.

"सायबेरियाहून थेट आलेले वारे" हेही ऐकतो. मध्ये हिमालय आहे. आपल्याकडचा गारठा येतो तो पश्चिमी झंझावात उत्तरेकडे पाऊस-बर्फ पाडून पुढे सरकल्यावर मागून येणाऱ्या कोरड्या उत्तरी वाऱ्यांबरोबर. वारे दोन दिवसांत मंदावतात, आकाश निरभ्र राहतं, आणि खरा नीचांक तेव्हा येतो. म्हणून बोचरा दिवस आणि सगळ्यात गार पहाट बहुधा वेगवेगळ्या तारखांना असतात.

हवाहवाई

आणि तो 'अ‍ॅफेलियन'चा मेसेज? पृथ्वी सूर्यापासून दूर जाणार, ऑगस्टपर्यंत थंडी, आले-लिंबाचा काढा प्या...

गच्चीवरची वेधशाळा

पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते जुलैच्या सुरुवातीला, १५.२१ कोटी किमीवर. जानेवारीच्या सुरुवातीला सर्वांत जवळ, १४.७१ कोटी किमी. म्हणजे तो मेसेज फिरतो तेव्हा आपण जवळच्या टोकाला असतो. काढा प्यायला हरकत नाही.

कुडकुड

पुण्यातलं कोणी सांगेल का? एकाच सकाळी एका बातमीत ८, दुसरीत १४.

गच्चीवरची वेधशाळा

शिवाजीनगर, पाषाण, हवेली, मगरपट्टा अशी वेगवेगळी केंद्रं आहेत. इमारती-डांबर असलेल्या भागात रात्रीही ऊब टिकते, नदीकाठी आणि मोकळ्या रानात उतरते. ५-६ अंशांचा फरक अजिबात नवलाचा नाही. मथळ्याला नेहमी सगळ्यात खालचं केंद्र मिळतं. मोबाईलचं तर वेगळंच: ते बहुतेक वेळा तुमच्या जवळचं केंद्र वाचत नाही. संगणकावर अंदाज काढणाऱ्या जागतिक मॉडेलच्या ९ किंवा १३ किमीच्या चौकटीतला आकडा तुमच्या ठिकाणी ओढून लावतं. चौकटीत सिंहगडही आणि खालचं खोरंही सरासरीत बुडतं. दहा दिवसांपुढचा "५ अंश" तर मॉडेलच्या एका धावेचा (एकदा केलेल्या गणिताचा) आकडा असतो, पुढच्या धावेत तो ९ होतो. पाच दिवसांपलीकडे आकडा बघू नका, कल बघा.

स्वतः मोजायचं असेल तर: डिजिटल संवेदक घ्या, आधी तपासा. पेल्यात चुरलेला बर्फ गच्च भरून फटी भरतील इतकंच पाणी घाला, ढवळा, पाच मिनिटं थांबा, टोक काचेला न टेकवता मधोमध धरा. ० ± ०.५ यायला हवं. नाही आलं तर फरक लिहून ठेवा आणि रोज वजा करा. मग ढाल: पांढऱ्या प्लास्टिकच्या सात-आठ बशा पालथ्या, दोन बशांत दीड-दोन सेंटीमीटर फट, कडेने तीन लांब बोल्ट. वरच्या दोन अखंड, बाकीच्यांना मधोमध भोक, त्यात संवेदक. सव्वा मीटर उंचीवर, माती किंवा गवतावर. भिंतीला टांगला तर २-३ अंश जास्त दाखवतो, कारण भिंत दिवसभराचं ऊन रात्री सोडते. उघडा ठेवला तर आकाशाला उष्णता सोडून १-२ कमी दाखवतो. आणि हाच उघडा आकडा फेसबुकवर "आमच्याकडे आज ५" म्हणून चढतो.

कुडकुड

धन्यवाद! आणि स्कूटरवरचं? पहाटे ८ अंशांत कामावर जाणाऱ्यांना हे विंड चिल लागू आहे ना?

उत्तरवारा

महाराष्ट्रात ते खऱ्या अर्थाने लागू असलेली जागा तीच. सूत्रातला वारा १० मीटर उंचीवरचा आहे, चेहऱ्यापाशी तो साधारण दोन तृतीयांश भरतो. स्कूटरचा ५० चा वारा थेट तोंडावर येतो, म्हणून सूत्रात दीडपट, ७५ घाला. ८ अंशांना उत्तर येतं साधारण २. हिमदंश नाही, पण बोटं बधिर होऊन ब्रेक उशिरा दाबला जातो, धोका तो. लोकरीचा एकटा स्वेटर वाऱ्यात चाळणीसारखा, त्यावर वारा न शिरणारं पातळ जर्किन हवं. नसेल तर वर्तमानपत्राची चार पानं छातीवर, स्वेटरच्या आत. जुनी युक्ती आहे आणि चोख आहे. हातमोज्यांचं मनगट बाहीच्या आत जाऊ द्या.

चिकित्सक

उत्तरवारा, अमेरिकेत घर बंद करून सुट्टीत भारतात येणाऱ्यांसाठी: नळ फुटायला कुठला आकडा बघायचा, हवेचा की विंड चिलचा?

उत्तरवारा

हवेचा. पाइपला विंड चिल नाही. आच्छादन नसलेल्या पाइपसाठी हवा उणे ७ अंशांच्या (२० फॅ.) खाली गेली की धोका धरतात. वारा एवढंच करतो की भिंतीच्या फटीतून ती हवा पाइपपर्यंत पोचवतो. म्हणून पायाच्या वरच्या फळीतल्या आणि केबल आत येते तिथल्या फटी आधी बुजवा. निघताना थर्मोस्टॅट १३ अंशांखाली (५५ फॅ.) नको. बाहेरच्या भिंतीवरच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवा. बागेचा पाइप सोडून घ्या, आतली चावी बंद करून बाहेरचा नळ उघडा ठेवा. पाइप जोडलेला राहिला की अडकलेलं पाणी भिंतीच्या आत गोठतं, आणि ते फुटलेलं कळतं बर्फ वितळल्यावर. घर महिनाभर बंद असेल तर सरळ मुख्य चावी बंद करून सगळे नळ उघडून पाणी काढून टाका.

नळ गोठलाच तर तो उघडा ठेवून केस वाळवायच्या यंत्राने नळाच्या बाजूने आत-आत जायचं. उलटं केलं तर मधलं वितळलेलं पाणी दोन्हीकडून कोंडतं. ज्योतीचा टॉर्च (ब्लोटॉर्च) अजिबात नाही.

गाडीचंही तेच. निम्मं शीतद्रव निम्मं पाणी हे मिश्रण सुमारे उणे ३७ पर्यंत टिकतं. हवा उणे २८ आणि विंड चिल उणे ४५ असेल तर ते गोठत नाही. बॅटरी मात्र हवेच्या तापमानानेच मार खाते, त्यामुळे तीन-चार वर्षं जुनी असेल तर ऑक्टोबरातच तपासून घ्या.

एडमंटनवाले

एक भर: अमेरिकन हवामान खात्याने ऑक्टोबर २०२४ पासून 'विंड चिल वॉर्निंग' हे नावच काढून 'एक्स्ट्रीम कोल्ड वॉर्निंग' केलं. वारा नसतानाही थंडी मारते, आणि जुन्या नावामुळे लोक वारा नाही म्हणजे धोका नाही असं समजत. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टन शिखरावर फेब्रुवारी २०२३ मध्ये विंड चिल उणे १०८ फॅ. गेलं तेव्हा जगभर तोच आकडा छापला गेला. हवा उणे ४७ फॅ. होती, ती कुणाच्या लक्षात नाही.

काडीछाटणी

शेवटचा प्रश्न. संध्याकाळीच अंदाज बांधायचा झाला तर कुठला आकडा बघू?

पारेकर

दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की दव पडू लागतं तो आकडा. सूर्यास्ताच्या सुमारास बघा. रात्रभर आकाश स्वच्छ आणि वारा पडलेला असेल तर किमान बहुधा त्याच्या आसपास येऊन अडखळतं, कारण दव पडताना उष्णता सुटते. दवबिंदू ८ असेल तर निवांत झोपा. २-३ असेल तर पहाटे तीनचा गजर लावा. शून्याखाली असेल तर पांढरं दंव दिसायची वाट पाहू नका. हवा इतकी कोरडी असते की काही न दिसता शेंडे काळे पडतात. मोबाईलमध्ये 'जाणवते'च्या खाली, बारीक अक्षरात असतो तो.